पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

मंडळी, तुमच्याकडे कॅनडात कार्यक्रम सुरू होताना त्या जमिनीच्या मूळ रहिवाशांची नावं घेतात. कोल्हापुरात तशी नावं घ्यायची वेळ आली, तर मी शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरांतल्या धनगरवाड्यांची घेईन. तिथले डंगे धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाळत, नाचणी पिकवत आले. पन्हाळ्यावर, ताराराणींवर, शाहू महाराजांवर आपण भरभरून लिहिलं. या वाड्यांवर फार थोडं.

आता तो इतिहास कायद्यालाच हवा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जंगलजमिनीवर हक्क मिळवायला अनुसूचित जमातीच्या माणसानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा वास दाखवला की पुरतं. धनगर महाराष्ट्रात अनुसूचित नव्हे, भटक्या जमातींत मोडतात. त्यामुळे त्यांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं सिद्ध करावी लागतात. हिशेब १९३० वर जातो. तेव्हा कोल्हापुरात राजाराम महाराजांचं राज्य होतं. संस्थान विलीन झालं १९४९ साली. वाडीचा कागद असलाच, तर तो दरबारच्या नाहीतर बावडा-विशाळगड जहागिरीच्या दफ्तरात, बहुधा मोडी लिपीत.

पण कागद हा एकच पुरावा नव्हे. नियमांत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब चालतो. वंशावळ चालते. विहीर, दफनाची जागा, देवाचं ठाणं हेही चालतं. मात्र एकाहून अधिक पुरावे लागतात. हे पुरावे गोळा करण्याचं काम वाडीतून कॉलेजला उतरणाऱ्या मुलामुलींनीच करावं, असं मला मनापासून वाटतं. १९३० पाहिलेलं माणूस आता मिळणं कठीण; पण त्याच्या मांडीवर वाढलेली आज्जी शेजारच्या घरात बसलेली असते. आज्जी, पावसाळ्यात म्हसरं कुठं बांधायचा? लोणी-तूप कुठल्या बाजाराला न्यायचा? तुमच्या सासऱ्यांना कुठं पुरलं? परक्याला ती दोन वाक्यांत वाटेला लावील. नातवंडाला हात धरून त्या जागेवर नेईल, आणि तिथं पोचल्यावर तिला आणखी दहा गोष्टी आठवतील. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, त्यांचं ऋण मोठं आहे. आता मात्र यंत्र वाडीतल्याच पोरांच्या हातात हवं. काय विचारायचं आणि काय राखून ठेवायचं, हेही त्यांनीच ठरवावं.

सांगोवांगीचा इतिहास कोर्टात टिकेल का, ही शंका मला नेहमी ऐकू येते. तिचं एक उत्तर तुमच्याच देशात आहे. गिटक्सन आणि वेट्सुवेटेन या मूळ रहिवाशांच्या डेल्गामुक्व खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली सांगितलं, की मौखिक इतिहासालाही कागदपत्रांच्या बरोबरीनं तोललं पाहिजे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा संस्थानात कारकून, जंगल खात्यात किंवा जहागिरीत नोकरीला असतील. त्यांच्या रोजनिशा, पावत्या, शिकारीचे फोटो माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेले असतील. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की ती ट्रंक उघडा. एखाद्या वाडीचं नाव दिसलं तर त्या पानाची प्रत त्या वाडीत पोचवा. मोडी वाचता आली नाही तरी चालेल. ती वाचणारी मुलं कोल्हापुरात आहेत.