गिरणगाव सरकारवर का उठले?



वसाहतीतली माणसे आपल्यावर राज्य करणाऱ्या साम्राज्याविरुद्ध का उठतात, असा विषय मला देण्यात आला आहे. हा विषय निघाला की वक्ता थेट अमेरिकेला पोहोचतो. मीही तिकडे जाणार आहे, पण थोडाच वेळ. आपण दादरला बसलो आहोत. इथून परळ, लालबाग, चिंचपोकळी चालत जाण्यासारखी आहेत आणि गिरणगावातल्या या वस्त्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देऊन ठेवले आहे. ते उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत उरकले जाते, याची मला खंत आहे.

आधी बोस्टन. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तिथल्या वसाहतकरांनी चहाच्या ३४२ पेट्या बंदरात फेकून दिल्या. हा चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, म्हणजे तेव्हा मुंबईवर राज्य करून शंभर वर्षे उलटलेल्या त्याच कंपनीचा. इंग्लंडच्या राजाने १६६८ साली मुंबई तिला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली होती. मुंबईत राहणाऱ्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना कोणी विचारले नव्हते, हे सांगायला नकोच. तर बोस्टनचा तो चहा महाग नव्हता. नव्या कायद्याने तो उलट स्वस्त झाला होता. तरी पेट्या बुडाल्या, कारण ज्या पार्लमेंटने त्यावर कर बसवला त्यात या लोकांचा एकही प्रतिनिधी नव्हता. बंड करणारे उपाशी नव्हते. आपल्या घराचा कारभार आपल्याला न विचारता दुसरीकडे ठरतो, हे त्यांना सोसवेना.

माझे म्हणणे असे, की मुंबईतही हेच झाले. गरिबी होतीच, आणि भयंकर होती. पण नुसत्या गरिबीने माणूस सरकारवर उठत नाही. तो गाव सोडतो, कर्ज काढतो, नशिबाला बोल लावतो. उठतो तो आपल्याला मोजलेच जात नाही हे कळल्यावर.

हे सर्वांत आधी कळले ते इंग्रजी शिकलेल्यांना. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेल्या भास्कर पांडुरंग तर्खडकर या पंचविशीतल्या तरुणाने १८४१ साली 'बॉम्बे गॅझेट' मध्ये 'एक हिंदू' या नावाने पत्रे लिहिली आणि हे राज्य देशाला लुटते आहे असे छातीठोकपणे मांडले. तेव्हा दादाभाई नौरोजी शाळकरी वयाचे होते. पुढे त्याच एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणाऱ्या दादाभाईंनी या लुटीचा हिशेब आयुष्यभर मांडला. त्यांचा रोख लक्षात घ्या. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने प्रजेला समान वागणूक कबूल केली होती आणि दादाभाई त्या वचनाची वसुली मागत होते. तुमचे राज्य तुमच्याच तत्त्वांना सोडून चालले आहे, हा त्यांचा आरोप. अमेरिकनांनीही सुरुवात अशीच केली होती: आम्ही इंग्रज आहोत, आम्हाला इंग्रजांचे हक्क द्या. दादाभाई १८९२ मध्ये स्वतः पार्लमेंटात निवडून गेले आणि १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी स्वराज्य मागितले. एवढा संयमी माणूस तिथवर येऊन पोहोचला, यातच राज्यकर्त्यांचे अपयश दिसते.

पण ही झाली कागदावरची तक्रार. गिरणगावात सरकार शिरले ते थेट घरात, १८९६ साली.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पालिका आयुक्तांनी फर्मान काढले: रोगी सापडला की सक्तीने इस्पितळात. आता लालबागेतली चाळीची एक खोली डोळ्यांपुढे आणा. दहा बाय दहा-बारा फूट, त्यात पाळीपाळीने झोपणारे घाटावरचे नाही तर कोकणातले गडी, एखादे बिऱ्हाड, कोपऱ्यात चूल, दोरीवर कपडे. एके सकाळी साहेब, पोलीस आणि पालिकेची माणसे येतात. बायकांना सर्वांसमोर बाहेर बोलावून तपासतात. तापाने फणफणलेल्याला उचलून नेतात. अंथरूण-पांघरूण जाळतात, चुना मारतात, उजेड यावा म्हणून कौले काढतात. काही घरांवर 'यू.एच.एच.' ही अक्षरे रंगवली जात. माणसांच्या वस्तीला अयोग्य, असा त्याचा अर्थ. आत राहणाऱ्या माणसांना ती वाचताही येत नसत.

प्लेग आटोक्यात आणायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रोग्याला वेगळे ठेवणे हा उपाय आपण आजही करतो. पण ज्याचे माणूस नेले त्याला कुठे नेले, कशासाठी नेले, भेटू देणार की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. इस्पितळात नेलेला परत येत नाही, तिथे माणसे मारतात, अशी बोलवा उठली. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. आज आपण ज्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतो तेच हे. त्यानंतर सक्ती सैल करावी लागली. काही महिन्यांत, आठ लाखांच्या आसपासच्या या शहरातून जवळजवळ निम्मे लोक गावी पळाले. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात मुसलमान विणकर असेच उठले. जात, धर्म, भाषा निराळी, कारण एकच. पुण्यात याच धोरणातून प्लेग अधिकारी रँडचा खून झाला आणि चाफेकर बंधू फाशी गेले, हे सर्वांना माहीत असते. आर्थर रोडचे ते हजार कामगार मात्र कोणाला आठवत नाहीत.

त्याच १८९६ साली आणखी एक निर्णय झाला. हिंदुस्थानातल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर सरकारने साडेतीन टक्के जकात बसवली. लँकेशायरच्या मालावर आयातकर आहे, तेव्हा तिथल्या गिरणीवाल्यांचे नुकसान होऊ नये म्हणून इथल्या मालावरही कर! चहाच्या पेट्यांची आठवण व्हावी असेच हे प्रकरण आहे. ही जकात जवळपास तीस वर्षे टिकली. १९२५ मध्ये मालकांनी मंदीचे कारण देऊन मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, दीड लाखाच्या आसपास कामगार महिनोन्महिने संपावर राहिले, तेव्हा कुठे सरकारने जकात थांबवली आणि मालकांनी कपात मागे घेतली. म्हणजे मालकांच्या शिष्टमंडळांना आणि कौन्सिलातल्या भाषणांना जे जमले नाही ते कामगारांच्या उपाशी पोटांनी करून दाखवले.

आता १९०८ कडे वळतो. माझ्या मते या शहराच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे साल.

मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर 'केसरी' त लिहिलेल्या अग्रलेखांबद्दल टिळकांना २४ जूनला सरदारगृहात अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जीना उभे राहिले. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी तो नाकारला. याच दावरांनी ११ वर्षांपूर्वी, वकील असताना, टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. १३ जुलैला खटला सुरू झाला. ज्यूरीत नऊ जण: सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठी आणि त्यांतून राजद्रोह होतो की नाही हे ठरवणाऱ्यांना मराठी येत नव्हते. सरकारी भाषांतरावर सगळा खटला चालला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, एकवीस तासांहून अधिक बोलले. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला: सात विरुद्ध दोन, सहा वर्षे काळे पाणी. दुसऱ्या दिवशी टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता.

आणि २३ जुलैपासून गिरण्या बंद पडू लागल्या. मूळजी जेठा मार्केटचे कापडवाले दुकाने बंद करून बसले. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप, २८ जुलैपर्यंत. लष्कर आले, गोळीबार झाला, कामगार मेले.

इथे एक अडचणीचा मुद्दा आहे आणि तो टाळणे मला बरे वाटत नाही. टिळक कामगारांचे पुढारी नव्हते. फॅक्टरी कायद्याला 'केसरी' चा विरोध होता. हा लँकेशायरचा डाव आहे अशी त्याची भूमिका होती. कामगारांसाठी खरे झिजले ते नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक शिष्य. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला, तेव्हा ते दिवे लावणारे मालक बहुतेक हिंदीच होते. मग ह्या कामगाराने टिळकांसाठी सहा दिवसांची मजुरी का सोडली? गोळ्या का खाल्ल्या?

टिळकांची भाषणे गिरणगावात झाली होती हे खरे. चाळीत, खानावळीत एकाने 'केसरी' वाचायचा आणि दहांनी ऐकायचा, हेही खरे. पण मला वाटते, तो खटला कामगाराला आतून कळला होता. ज्यांना आपली भाषा येत नाही अशी माणसे आपल्याबद्दल निकाल देतात आणि आपले म्हणणे कितीही तास मांडले तरी निकाल ठरलेलाच असतो, हा अनुभव बारा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या खोलीत घेतला होता. तोच प्रकार ज्याला सारा देश ओळखतो अशा माणसाच्या वाट्याला हायकोर्टात आला. संप मालकांविरुद्ध नव्हता, पगारासाठी नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये परागंदा असलेल्या लेनिनला त्याचे महत्त्व कळले आणि ऑगस्टमध्ये त्याने त्यावर लिहिले. आपल्याकडच्या शिकलेल्यांपैकी अनेकांनी मात्र त्याला दंगा म्हटले.

अडतीस वर्षांनी हेच गिरणगाव पुन्हा उठले. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या केंद्रावर नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्याच्या शिवीगाळीविरुद्ध संप केला. दोन-तीन दिवसांत तो वीस हजारांच्या आसपास नौसैनिकांपर्यंत पोहोचला. त्यांच्या मागण्या नीट पाहा. जेवण आणि गोऱ्या खलाशांइतका पगार होताच, पण आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा, हीही मागणी होती. आम्हाला न विचारता आमच्या हातून दुसऱ्या गुलाम देशाला दाबू नका, असे म्हणणारी ही विशीतली पोरे होती. सरकारने त्यांचे अन्नपाणी तोडले तेव्हा मुंबईकर भाकऱ्या, फळे, दुधाच्या बाटल्या घेऊन गेटवेवर गेले. पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनी बंदुका बाजूला ठेवून ते डबे होड्यांत चढवायला मदत केली.

२२ फेब्रुवारीला कम्युनिस्ट पक्षाने हरताळ पुकारला. काँग्रेस आणि मुस्लिम लीग दोघांचाही त्याला विरोध होता, तरी लाखो कामगार बाहेर पडले. परळमध्ये लष्कराच्या गोळीबारात कमल दोंदे ही महिला कार्यकर्ती मारली गेली, तिच्यासोबतच्या कुसुम रणदिवे जखमी झाल्या. त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि ती बहुतेक करून याच वस्त्यांतली होती.

नौसैनिकांनी २३ तारखेला शरणागती पत्करली ती सरदार पटेलांच्या शब्दावर. कोणावरही सूड उगवला जाणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. पण शेकडो जणांना बडतर्फ करून गावी पाठवण्यात आले. दीड वर्षाने देश स्वतंत्र झाला, दोन नौदले उभी राहिली, आणि हिंदुस्थान किंवा पाकिस्तान यांपैकी एकाही सरकारने त्यांना परत नोकरीवर घेतले नाही.