उडत्या चालीची गाणी

लग्नसराईच्या दिवसांत अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रस्त्यावर सायंकाळी घटकाभर उभे राहा. एक वरात पुढे सरकत असते, तिच्या मागून दुसरी येत असते. नवरदेव निराळा, घोडा निराळा, बँडवाल्यांचे गणवेश निराळे. गाणे मात्र तेच. आणि गाणे बदलले तरी ऐकणाऱ्याला ते बदलल्याचा सुगावा लागत नाही. ठेका तोच, उसळी तीच, मध्येच थबकून पुन्हा जोरात उठण्याची तऱ्हाही तीच. जाणकार मंडळी कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "एक ऐकले की शंभर ऐकली." बोलणे खोटे नाही. पण मग शंभर वेळा ऐकलेले गाणे एकशे एकाव्या वेळी वाजू लागले, की त्याच जाणकारांचा पाय जमिनीवर ताल का धरतो? या साध्याच प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

प्रथम या गाण्यांची घडण पाहा. बहुतेकांचा ताल केरव्याच्या घरातला. आठ मात्रांचा हा ठेका चार-चारच्या दोन भागांत सरळ पडतो, चालताना डावे-उजवे पाऊल पडावे तसा. त्याची लय चालण्यापेक्षा थोडी जलद ठेवली, की पाय आपोआप उचलला जातो. त्यावर न शिकलेल्या गळ्यालाही पेलेल अशी चार-पाच स्वरांत फिरणारी चाल. मग येते धृपद. आणि ते इतक्या वेळा येते, की दुसऱ्या कडव्यापर्यंत ते पाठच होऊन जाते. हा सारा कारभार तीन-चार मिनिटांत आटोपतो. या तीन-चार मिनिटांचा हिशेबही गमतीचा आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर, एका बाजूला, साधारण तेवढेच गाणे मावत असे. तबकडी गेली, कॅसेट आली आणि तीही गेली, आता गाणे मोबाइलमध्ये आले. लांबी मात्र बरीचशी तशीच राहिली.

आता शब्दांचे म्हणाल, तर त्यांचे काम फारसे पडत नाही. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. त्यातले अजय-अतुल यांचे 'झिंगाट' वाजले, की चित्रपटगृहात माणसे खुर्च्या सोडून नाचत. २०१८ साली 'धडक' या हिंदी चित्रपटात तीच चाल हिंदी शब्दांचा पेहराव करून आली. पावलांना त्यात काही फरक वाटला नाही. आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही, होडी नाही, मासळीचे जाळे नाही. तरी आमच्याकडच्या हळदीत कोळीगीतांवर लेकी-सुना कशा डोलतात ते पाहा!

ही मौज मराठी मुलखापुरतीच आहे असे नव्हे. चीनमध्ये २०१४ साली 'छोटे सफरचंद' अशा अर्थाच्या नावाचे एक मँडरिन गाणे निघाले. तिकडे संध्याकाळी चौकाचौकांत नि बागांत प्रौढ बायका रांगा धरून नाचतात. त्यांच्यात हे गाणे वणव्यासारखे पसरले. त्यातला एक शब्दही आपल्याला कळणार नाही. पण गाणे लागले, की ठेका आता कुठे थांबेल आणि धृपद केव्हा येईल, हे आपण अचूक ओळखू शकतो. आणि या नाचाच्या गोंगाटाविषयी शेजाऱ्यांची कुरकुरही तिथे अगदी आपल्यासारखीच चालते.

हे ओळखता येणे हेच या गोडीचे मूळ आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली, तरी ती आवडू लागते. गाण्यात तर पुढचे काय ते कानाला ठाऊक असते आणि नेमके तेच आले, की मन सुखावते. लहान मूल तीच गोष्ट पुन्हा सांग म्हणून हट्ट धरते, आणि आजीने एक शब्द बदलला तर रुसते. त्यातलाच हा प्रकार.

वर्गात एकदा हा विषय निघाला, तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हे गाने आयकाले नसतेत, नाचाले असतेत." त्या एका वाक्यात निम्मे रसग्रहण आले. ख्याल ऐकताना आपण गायकाच्या नव्या जागेची वाट पाहतो. वरातीत दोनशे माणसे असतात. नवरदेवाचे मित्र, नवरीचे मामा, शेजारीपाजारी. त्यांतली कित्येक एकमेकांना ओळखतही नाहीत. त्या सर्वांचे पाऊल एकदम पडायचे, तर गाण्याने कोणाला चकवून कसे चालेल? सारखेपणा हे तिथे आमंत्रण असते. या, तुम्हालाही जमेल, असे ते गाणे म्हणत असते.

आणि आपली जुनी गाणी तरी कुठे फार निराळी होती? भाद्रपदी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वऱ्हाडातल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. सासर-माहेरच्या त्याच कथा, थोड्याफार फरकाने तीच चाल, टिपऱ्यांचा तोच ठेका. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे तरुण गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला घालतात. रात्रभर चालून खांदे भरून येतात, तेव्हा महादेवाच्या नावाचा तोच तोच गजर त्यांना पुढे नेतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजू लागली, की हजारोंचा समुदाय धृपद उचलून धरी. कठीण चालीने हे साधले नसते.

तेव्हा सारखेपणाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष असेलच, तर तो निराळ्या ठिकाणी आहे. भुलाबाईचे गाणे मुली स्वतः म्हणत. एखादीचा सूर चुके, एखादी कडवे विसरे, तिसरी पदरचे कडवे घाले; आणि खाऊ ओळखून झाला, की सगळ्या हसत घरी जात. गाणे सारखे होते, पण गळे निराळे होते. आज भिंतीएवढे ध्वनिक्षेपक वाहनावर रचून गाणे वाजते, तेव्हा नाचणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मग तो गाणार कशाला? २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. ती पाळली जावी, हे तर झालेच. पण माझी काळजी डेसिबलपुरती नाही. ज्या घरात आजीला चाळीस गाणी पाठ होती, तिथे नातीला एकही पुरे म्हणता येत नाही. तिला गाणी ठाऊक आहेत शेकडो, पण ती मोबाइलमधली. नाचायला आपण शिकलो, हे चांगलेच झाले. त्या भरात गायचे मात्र विसरत चाललो आहोत.

यावर उपाय अवघड नाही. उडती गाणी अवश्य वाजवा. लग्नघरात तोंड पाडून कोणी बसावे असे थोडेच आहे! पण हळदीच्या दिवशी एक गाणे तरी यंत्र बंद करून म्हणा. आजीला, मावशीला, आत्याला पुढे बसवा. चाल तीच असेल, सूरही थोडा हलेल. हलू द्या. पोरींना टाळ्या धरता येतात, धृपद दुसऱ्या फेरीला पाठ होते, आणि पुढच्या लग्नात तेच गाणे कोणी सुरू करायचे, हे त्यांचे त्याच ठरवतील.