बॅटरीवर फ्रिज किती तास?

गुरुवार हा पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांचा सुटीचा वार. यंत्रे थांबलेली असतात, म्हणून विजेच्या तारांची आणि रोहित्रांची दुरुस्तीही बहुधा याच दिवशी निघते. सकाळी गेलेली वीज कधीकधी दुपार कलली तरी येत नाही. पंखा थांबला तर माणूस गॅलरीत येऊन बसतो. पण फ्रिजमध्ये इन्सुलिनची कुपी असेल, तर तिला काही गॅलरीत आणून बसवता येत नाही!

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. उष्णतेने त्याचा गुण उतरला तरी रंगरूप पुष्कळदा तसेच राहते. दूध नासले तर कळते; हे कळत नाही. १९५४ साली याच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. औषध तयार करणे महत्त्वाचे, तसेच ते घरी नीट सांभाळणेही महत्त्वाचे. तेव्हा घरच्या इन्व्हर्टरवर लहान फ्रिज किती तास चालेल, याचा हिशेब आज करू या. कागद-पेन्सिल जवळ घेतलीत तर बरे.

बॅटरीवर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास असे लिहिलेले असते. गुणाकार केला की १,८०० वॉट-तास. फ्रिज ९० वॉटचा. भागाकार केला की वीस तास. झाले उत्तर! गणित सोपे खरे, पण त्यातले दोन्ही आकडे फसवे आहेत.

प्रथम बॅटरी पाहू. तिला पाण्याच्या रांजणाची उपमा देतात. पण हा रांजण तळापर्यंत उपसायचा नसतो. शिसे आणि आम्ल यांची बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केली, तर आतल्या प्लेटींवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो आणि ती अकाली म्हातारी होते. म्हणून निम्मीच आपली समजावी: ९०० वॉट-तास. शिवाय १५० हा आकडा सामान्यतः वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरने उपसण्याचा असतो. घाईने उपसाल तर बॅटरी कमी देते. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली याचा नियमच मांडला. बॅटरी जुनी असेल तर आणखी काटछाट करावी.

आता फ्रिज. त्याचे ९० वॉट हे कॉम्प्रेसर चालू असेपर्यंतचे. तो काही सदासर्वकाळ चालत नाही. गारवा पुरेसा झाला की थांबतो. फ्रिजवर ताऱ्यांची जी पट्टी असते, तिच्यावर वर्षाची युनिटे छापलेली असतात. समजा, १८० आहेत. म्हणजे दिवसाला सुमारे अर्धे युनिट, सरासरी २० वॉट. पण हा आकडा प्रयोगशाळेतला. मे महिना, चाकणची पत्र्याची खोली, आणि दर दहा मिनिटांनी दार उघडणारी मुले असली, तर दुप्पट, म्हणजे ४० वॉट धरणे शहाणपणाचे.

मधे इन्व्हर्टर बसलेला आहे, तोही आपली जकात घेतो. फ्रिजला ४० वॉट पोचवायला बॅटरीतून सुमारे ५० काढावे लागतात. त्याचे स्वतःचे १० धरा. एकूण ६०. आता ९०० भागिले ६० म्हणजे पंधरा तास. पण त्याच बॅटरीवर ७५ वॉटचा एक पंखा लावला, की उपसा १५० च्या वर जातो. कागदावर सहा तास उरतात. घाईच्या उपशाचा तोटा धरला तर पाचच. पंधराचे पाच झाले, बरं का! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. इन्व्हर्टर लहान असेल तर बॅटरी भरलेली असूनही तो बंद पडतो.

हे सगळे अंदाज झाले. खात्री हवी असेल तर प्लगमध्ये लावायचा वॉट-मीटर आणून फ्रिज पूर्ण एक दिवस त्यावर चालवावा. चोवीस तासांत ०.९६ युनिट आले, तर सरासरी बरोबर ४० वॉट. मग वरच्या हिशेबात अंदाजाऐवजी आपल्याच फ्रिजचा आकडा घालावा.

हाच हिशेब प्रवासी गाडीलाही लागू पडतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाडीत फ्रिजसाठी वेगळी बॅटरी हवी. इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीवर तो रात्रभर चालवाल, तर सकाळी गाडी ढकलावी लागेल. ती वेगळी बॅटरी लिथियमची असेल तर निम्म्याऐवजी ऐंशी टक्के वापरता येते.

शेवटी एक स्वस्त बॅटरी सांगतो: बर्फ. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॉट-तास उष्णता शोषून घेतो. बर्फकप्प्यात पाण्याच्या चार लिटरच्या बाटल्या, थोड्या रिकाम्या ठेवून, बुधवारी रात्रीच गोठवाव्यात. फ्रिजमध्ये ताशी ६० वॉट-तास उष्णता शिरते असे धरले, तर विजेविना सहा तासांची बेगमी झाली. मात्र इन्सुलिन बर्फाला टेकू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. आत एक साधा तापमापक ठेवावा आणि पारा फार चढलेला दिसला, तर ती कुपी वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

तात्पर्य, बॅटरी किती मोठी आहे हे विचारण्यापूर्वी तिच्यावर काय काय लावले आहे, हे पाहावे. आपले उत्तर फ्रिजच्या दारावर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: ‘पंख्याविना पंधरा तास, पंख्यासह पाच.’ घरात त्या वेळी जो कोणी असेल, त्याला पंख्याचे बटण केव्हा बंद करायचे ते कळेल.