चिपवाल्याशी सोयरीक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस जो विषय दिला आहे, तो पूर्वीच्या संमेलनांत कधी निघाला नव्हता. आज आपली मुले-मुली अमेरिकेत नोकरीस आहेत. येथे राहणाऱ्यासही रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठविता येतात. त्यामुळे संगणक बांधणाऱ्या अमुक कंपनीचा चिप बनविणाऱ्या तमुक कंपनीशी करार झाला, आता भाग घ्यावेत काय, असे निवृत्त गृहस्थही विचारू लागले आहेत. त्यांत कोणाची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आहे, कोणाची मुलीच्या शिक्षणाची. प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

प्रथम आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका बातमीवरून आम्ही संगणक जुळविणाऱ्या एका कंपनीचे भाग घेतले. करार खरा होता, विक्रीही वाढली. परंतु चिपांचे पैसे चुकते केल्यावर कंपनीच्या हाती फारच थोडे उरे. दोन वर्षांनी तोटा सोसून आम्ही बाहेर पडलो. घरी जे ऐकावे लागले ते येथे सांगत नाही.

असे का होते, हे कळण्यास एक जुना दाखला पुरेसा आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्यातील मुख्य चिप इंटेलची, ८०८८ क्रमांकाची. पुरवठा एकाच्याच हाती राहू नये, म्हणून आयबीएमच्या आग्रहावरून इंटेलने १९८२ मध्ये एएमडीलाही त्या जातीच्या चिपा बनविण्याचा परवाना दिला. त्याच वर्षाअखेर आयबीएमने २५ कोटी डॉलर देऊन इंटेलचे सुमारे १२ टक्के भाग घेतले. पाहणाऱ्यास वाटावे, वरपक्ष आयबीएमचाच! परंतु इंटेलची चिप इतरांसही विकत मिळत होती. कॉम्पॅकादी कंपन्यांनी ती घेऊन तसेच संगणक बनविले, आणि १९८६ मध्ये ३८६ चिपेचा संगणक कॉम्पॅकने आयबीएमच्या आधी काढला. ती चिप बनविण्याचा परवाना मात्र इंटेलने एएमडीस दिला नाही. सोने देणारा एक आणि सोनार गल्लोगल्ली, अशी स्थिती झाल्यावर घडणावळ कितीशी सुटणार? आयबीएमने १९८७ मध्ये इंटेलचे उरलेले भाग विकले, आणि वैयक्तिक संगणकाचा तो धंदाही २००५ मध्ये चीनच्या लेनोव्होकडे गेला.

मग चिपवाल्याचेच भाग घ्यावेत, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तरही इंटेलनेच दिले आहे. मोबाईलचा बाजार तिच्या हातून गेला; २०२४ मध्ये तिने लाभांश थांबविण्याचे ठरविले; आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एन्व्हिडियाने २३.२८ डॉलर दराने तिच्यात ५०० कोटी डॉलर घालण्याचे जाहीर केले. पुन्हा दुसऱ्याचा हात धरण्याची पाळी आली.

ऑक्टोबर २०२५ मधील एएमडी व ओपनएआय यांचा करार तर वाजतगाजत झाला, आणि एएमडीचा भाव एका दिवसात सुमारे २४ टक्के चढला. ओपनएआयने सहा गिगावॉट वीज लागेल इतक्या चिपा वापरावयाच्या. उलट एएमडीने, टप्प्याटप्प्याने अटी पुऱ्या झाल्यास, १६ कोटीपर्यंत भाग प्रत्येकी एका सेंटला घेण्याचा हक्क त्या ग्राहकासच दिला. हे सुमारे दहा टक्के भांडवल झाले. अटींत एएमडीचा भाव चढण्याचीही अट आहे, तेव्हा सौदा वाईटच असे आम्ही म्हणत नाही. पण जुन्या भागधारकाचा वाटा तितका पातळ होतो, ही गोष्ट भाव चढल्याच्या आनंदात किती जणांनी पाहिली असेल?

सोयरीक जुळली की आपण याद करतो: कोणी काय द्यावयाचे, मानपान कोणाचा. येथेही तीच मागावी. ते नुसते हेतुपत्र आहे की बांधील करार? पैसा कोणाकडून कोणाकडे जातो? तीच चिप प्रतिस्पर्ध्यास मिळणार काय? आणि विक्रीतून मालाची किंमत वजा जाता शेकडा किती उरते, व मागील तीन वर्षांत ते वाढले की घटले?

ज्यांस हे अहवाल वाचणे अवघड वाटते, त्यांनी संमेलनानंतर आम्हांस भेटावे. येताना अहवाल छापून आणावा. मोबाईलवरील बारीक अक्षर आता आम्हांस दिसत नाही.