दुरुस्तीनंतर बंद पडणारी गाडी
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला 'काहीतरी तांत्रिक, पण सगळ्यांना कळेल असं' बोलायला सांगितलं. मी वक्ता नाही. मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो, आणि इतकी वर्षं लोको शेडमध्ये ग्रीसने हात काळे करतोय. तेव्हा इंजिनाबद्दलच बोलतो. पण रेल्वेच्या नाही, माझ्या स्वतःच्या गाडीच्या. ह्या गोष्टीत माझी थोडी बेअब्रू आहे. समोर शेडमधले सहकारी बसलेत, त्यांना अर्धी गोष्ट माहीत आहेच; उरलेली आज सांगून टाकतो.

गाडी २००४ ची मारुती ८००, एमपीएफआय. वडिलांनी हौसेने घेतलेली, म्हणून विकवत नाही. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर फेरनोंदणी केली. मागच्या वर्षी मे महिन्यात मिरजेहून आईला घेऊन येताना हिरियूरच्या पुढे टेम्परेचरचा काटा वर गेला. हेड गॅस्केट गेलं होतं. गाडी टो करून बेंगळूरला आणली आणि घराजवळच्या एका गॅरेजात दिली. त्यांनी हेड उतरवलं, प्लेन करून आणलं, नवीन गॅस्केट आणि टायमिंग बेल्ट घातला. गाडी मस्त चालू झाली.

आठवड्याने एका संध्याकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. सेलम लाइनवरचं एक फाटक नुकतंच उघडलं होतं, पुढे-मागे गाड्या चिकटलेल्या. बरोबर रुळांवर इंजिन बंद पडलं. सेल्फ मारला, इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. पुन्हा मारला, तेच.

रेल्वेवाल्यांना माहीत आहे, फाटक इंटरलॉक असलं की ते बंद झाल्याशिवाय सिग्नल उतरत नाही. म्हणजे गाडी अंगावर येण्याची भीती पुस्तकाप्रमाणे नव्हती. पण आईने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. तिला गाडीत चपला काढून बसायची सवय. ती तशीच अनवाणी उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन देवाचं नाव घेत उभी राहिली. गेटमन लाल झेंडा घेऊन धावत आला. आणि मी, जो दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त करून पगार घेतो, तो खुळ्यासारखा किल्ली फिरवत बसलो होतो.

शेवटी मागचा रिक्षावाला ओरडला, "गेर हाकी, सेल्फ होडीरी सार!" गिअर टाका आणि सेल्फ मारा. क्लच न दाबता पहिल्या गिअरमध्ये सेल्फ मारला की छोटी गाडी नुसत्या स्टार्टरच्या जोरावर हिसके देत पुढे सरकते. मला हे विद्यार्थिदशेपासून माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही. तशी सरकवत रूळ ओलांडले. तोवर एक पॅसेंजर सिग्नलला उभी राहिलेली होती. तिच्या चार मिनिटांच्या डिटेन्शनला मी कारणीभूत! दुसऱ्या दिवशी शेडमध्ये माझा जो सत्कार झाला, तो इथे सांगण्यासारखा नाही.

गंमत पाहा. अर्ध्या तासाने, थंड झाल्यावर, एका सेल्फमध्ये गाडी चालू.

गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले. तीन दिवसांनी पुन्हा बंद. मग मीच अक्कल पाजळली, की गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे पेट्रोलचा पंप असणार. पंप बदलला. चांगले पैसे गेले, गाडी पुन्हा बंद. इग्निशन कॉइल बदलायची तयारी चालली होती तेव्हा मी गाडी घरी आणली.

आमच्याकडे एखादं इंजिन पुन्हा पुन्हा फेल झालं तर पहिला प्रश्न विचारतात: शेवटचं शेड्यूल कधी झालं, आणि त्यात काय काय उघडलं? आधी चालत होतं आणि दुरुस्तीनंतर बिघडलं, तर दुरुस्तीत जिथे जिथे हात लागला तिथे आधी बघायचं. माझ्या गाडीच्या पंपाला कुणी हातही लावला नव्हता. हात लागला होता हेडला. मग यादी केली. टायमिंग बेल्ट एक दाता इकडेतिकडे बसला असेल का? पण मग थंड असतानाही ओढ कमी लागली असती, तशी नव्हती. टॅपेट क्लिअरन्स फार घट्ट ठेवला असेल का? हा संशय जबरदस्त होता, कारण घट्ट व्हॉल्व्ह तापल्यावर पूर्ण मिटत नाहीत, कॉम्प्रेशन जातं, गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावरच चालू होते. अगदी हीच लक्षणं. पण गरम इंजिनावर गेज लावलं तर तिन्ही सिलिंडर ठणठणीत.

आता एकच मार्ग उरला. बिघाड होऊन गेल्यावर नाही, होत असतानाच त्याला गाठायचं. रविवारी अपार्टमेंटच्या आवारात सौभाग्यवतींना स्टिअरिंगवर बसवलं आणि इंजिन चालू ठेवलं. पंखा चार-पाच वेळा फिरला आणि मग इंजिन गप्प. मी बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडलो, "मार सेल्फ!"

ती म्हणाली, "अहो, पण तो इंजिनाचा पिवळा दिवा आज लागलाच नाही."

मी तिथेच थांबलो. किल्ली ऑन केली की इंजिन चालू होण्याआधी तो दिवा लागायलाच हवा, आणि मागच्या सीटखाली पंपाची दोन-तीन सेकंद घरघर ऐकू यायला हवी. मागच्या सीटला कान लावला. शांतता. दिवा नाही, पंप नाही, पण सेल्फ मात्र जोरात. म्हणजे बॅटरी चांगली, आणि तरी इंजिनाचा छोटा संगणकच झोपलेला. मी दरवेळी घाईत किल्ली थेट सेल्फपर्यंत फिरवत होतो, दिव्याकडे बघतंय कोण!

फ्यूज पाहिले, ठीक होते. मग राहिली अर्थ. ज्यांना विजेचं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वीज बॅटरीतून निघाली की तिला परत यायला वाट लागते. आपल्या विजेवरच्या रेल्वेत करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. मोटारीत हे रुळाचं काम इंजिन आणि बॉडीचा धातू करतो. संगणकाच्या अर्थची वायर ह्या गाडीत इनटेक मॅनिफोल्डला एका छोट्या बोल्टने लावलेली असते, आणि हेड उतरवायचं तर ती काढावीच लागते. स्टार्टरची अर्थ वेगळी, जाड, म्हणून फाटकात सेल्फने साथ दिली.

मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं त्या वायरच्या कडीला लावलं. शून्याच्या आसपास दिसायला हवं, तर जवळजवळ पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज! कडी बोटाने हलवली आणि "लागला, लागला!" असा आतून आवाज आला.

बोल्ट काढला. कडीखाली गॅस्केटच्या सिलिकॉन पेस्टचा पातळ थर. बसवताना कुणाच्या तरी बोटाला लागलेली पेस्ट. धातू धातूला टेकत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून, आणि तापल्यावर तेवढाही सुटत होता. पॉलिश पेपरने घासून, बोल्ट आवळून दहा मिनिटांत काम झालं. पेपर घरातच होता.

गॅरेजवाल्याला दाखवलं. तो आधी मानेना, मग कडी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. कॉइलचे पैसे वाचले, पंपाचे गेले. पंप बदलायचं डोकं माझंच होतं, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं.

त्यानंतर गाडी दोनदा मिरजेला जाऊन आली. आता किल्ली ऑन केल्यावर सौभाग्यवती शेजारच्या सीटवरून "हं, लागला" म्हणतात, मगच मला सेल्फ मारायची परवानगी असते. आई मात्र पुढे फाटक दिसलं की अजूनही वाकून पायात चपला घालते, आणि रूळ ओलांडल्यावर पुन्हा काढते.