वशिला आणि ओळख



विद्यार्थ्यांनी पुढील आयुष्यासाठी ओळखी कशा जोडाव्यात, हा आजचा विषय. तो ऐकताच कित्येकांच्या मनात ‘वशिला’ हा शब्द आला असेल. मुलाला नोकरी लागली की आपण विचारतो, “कोणाच्या ओळखीने?” आणि लागली नाही की म्हणतो, “आपले कोण आहे तिथे?” ज्याचे आईबाप धानाच्या बांधीत राबतात आणि ज्याच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच, त्याच्या तोंडी हा दुसरा प्रश्न खोटा नसतो. म्हणूनच आपल्या भागात या विषयाचा विचार अधिक अगत्याने व्हावयास हवा.

वशिला म्हणजे योग्यता न पाहता लावलेली वर्णी. ओळख म्हणजे आपले काम दुसऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असणे. वशिला बहुधा वारशाने येतो. ओळख मात्र कोणालाही कमावता येते.

दाखल्यासाठी वडशाबाहेर जावयास नको. आपले गाव झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. नाट्यमंडळांची कार्यालये येथे आहेत. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो. मंडई, शंकरपट अशा निमित्तांनी गावोगावची मंडळी नाटक ठरवावयास येथे येतात, आणि होळीपर्यंत रात्र रात्र प्रयोग चालतात. प्रयोग उभा करावयाचा तर नट हवेत, गाणारे हवेत, पेटी-तबल्याची साथ हवी. ही माणसे जमवताना पदवीचा कागद कोण पाहतो? वेळेवर कोण आला, कोणाचे पाठांतर पक्के होते, ऐन वेळी अडलेला प्रवेश कोणी सावरून नेला, हेच आठवते. सोबत जागवलेली एक रात्र शंभर शिफारसपत्रांचे काम करते. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. झाडीतल्या कामाची वार्ता दिल्लीपर्यंत पोचते ती अशी.

दुसरा दाखला मुंबईचा. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा नित्य वाचत बसे. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्याला पाहिले, त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. पुढे शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनी त्याच्यासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी मुलाची परीक्षा घेतली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तो मुलगा म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. येथे शब्द टाकणारा सोयरा नव्हता की जातभाई नव्हता. त्याने मुलाला वाचताना पाहिले होते, एवढाच त्याचा अधिकार. आणि त्या शब्दाने दार उघडले, तरी आत उत्तरे मुलालाच द्यावी लागली.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही काय करावे? ज्या धंद्यात जावयाचे आहे, त्यात काम करणारा माणूस शोधा. आपल्या गावात वनविभागाचे कार्यालय आहे, रेल्वेचे स्टेशन आहे, भाताच्या गिरण्या आहेत, बँका आहेत. तेथे जाऊन पहिल्याच भेटीत नोकरी मागू नका. काम कसे चालते ते विचारा, आणि विचारण्यापूर्वी थोडे वाचून जा. सुटीत एखादे लहान काम अंगावर घ्या व ते सांगितल्या दिवशी पुरे करा. कोणी पुस्तक दिले, पत्ता दिला, तर पुढे काय झाले ते दोन ओळींनी कळवा. निकाल लागल्यावर पेढा घेऊन जाणारे पुष्कळ. नापास झाल्यावरही भेटावयास जाणारा विद्यार्थी मात्र लक्षात राहतो. आणि मोठ्यांच्याच मागे लागू नका. आज बाकावर शेजारी बसणारा मुलगा किंवा मुलगी उद्या परिचारिका, वकील, अभियंता होणार आहे. आज त्याला तुमची वही द्या.

परंतु हा भार एकट्या मुलांवर टाकून आपण वडीलधाऱ्यांनी मोकळे होणे बरे नव्हे. दुर्गम गावातून आलेल्या मुलाला साहेबाच्या दारात उभे राहण्याचाच धीर होत नाही. मुलींना तर अनोळखी माणसाकडे एकटीने जाण्याची घरून परवानगी नसते. म्हणून भेटीची जागा सार्वजनिक हवी. महिन्यातून एक संध्याकाळ वाचनालयात किंवा शाळेत गावातील एकेका कामकरी माणसाने, बाईने बसावे आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. येथून शिकून नागपूर, पुणे, मुंबईस गेलेल्यांची नावे व पत्ते, त्यांच्या संमतीने, एका वहीत लिहून शाळेने ठेवावेत. यास देणगी लागत नाही, इमारत लागत नाही.

वशिल्याने एका मुलाची सोय होते आणि त्याच जागी दुसऱ्या लायक मुलाचा हक्क जातो. ओळखीचे तसे नाही. ती वाटल्याने वाढते. या सभेतून घरी जाताना प्रत्येकाने शेजारच्या एका मुलाला, “बाळ, तुला पुढे काय व्हायचे आहे?” एवढे विचारावे, आणि त्याचे उत्तर ध्यानात ठेवावे, इतकीच माझी विनंती आहे.