दाखला कोणाचा चालतो?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे कायदा व समाज यांविषयीच्या संशोधनपत्रिका आणि त्यांतील लेखांच्या दाखल्यांची मोजणी, हा आजचा विषय मी मागून घेतला तेव्हा माझ्या एका प्राध्यापक मित्राला हसू आले. "हे तुमच्या कामाचे नव्हे," तो म्हणाला. मी म्हटले, "बाबा, कामाची मोजणी कशी करावी आणि तिच्यावर मजुरी कशी ठरवावी, यावर मी तीस वर्षे भांडत आलो. आता तुमच्या कामाची मोजणी चालली आहे. मग हा विषय माझा नाही तर कोणाचा?"

सुरुवात मी माझ्या अनुभवापासून करतो. १९९६ च्या सुमारास एका कारखान्यातून दोन कामगार बडतर्फ झाले. पहिल्याची बाजू भक्कम होती. खात्याच्या चौकशीत त्याला साक्षीदारांची उलटतपासणीसुद्धा करू दिली नव्हती. दुसऱ्याची बाजू लंगडी होती. त्याची गैरहजेरी फार होती. व्यवस्थापनाने पहिल्याला बोलावले, बरी रक्कम हातावर ठेवली आणि खटला मागे घेववला. दुसऱ्याशी मात्र ते उच्च न्यायालयापर्यंत सात वर्षे लढले आणि जिंकले. मी मनाशी म्हटले, ज्याचे त्याचे नशीब. परंतु त्यानंतर आमची जी जी बडतर्फीची प्रकरणे उभी राहिली, त्या प्रत्येकात मालकाचे वकील त्या दुसऱ्या निकालाची प्रत पुढे करू लागले. पहिल्या प्रकरणाचा निकालच झालेला नव्हता, तेव्हा आमच्या हाती दाखवायला कागद नव्हता. कोणता दाखला निर्माण व्हावा आणि कोणता होऊ नये, हे समोरच्या बाजूने आधीच ठरवले होते. हे मला कळायला आणखी दहा वर्षे लागली, आणि ते कळले एका अमेरिकन पत्रिकेतल्या लेखामुळे.

त्या पत्रिकेचे नाव 'लॉ अँड सोसायटी रिव्ह्यू'. अमेरिकेत १९६४ साली कायदा आणि समाज यांच्या अभ्यासकांची एक संघटना निघाली, आणि १९६६ पासून तिने ही पत्रिका चालवली. कायद्याच्या जुन्या पत्रिका निकालांचा कीस काढीत असत. पुस्तकात कायदा काय म्हणतो हे सांगत. या मंडळींनी निराळा प्रश्न घेतला. कायदा रस्त्यावर, पोलीस ठाण्यात, भाडेकरूच्या खोलीत प्रत्यक्ष करतो काय? त्या काळी तिकडे नागरी हक्कांची चळवळ जोरात होती, म्हणून पहिली काही वर्षे वर्णभेद, गरिबी, पोलीस आणि न्यायालये हेच विषय पुढे आले.

या पत्रिकेत १९७४ साली मार्क गॅलंटर यांचा एक लेख आला. ज्यांच्यापाशी आहे तेच कोर्टात पुढे का जातात, असा त्याचा विषय. हे गॅलंटर १९५७ च्या सुमारास आपल्या देशात आले होते. अस्पृश्यताबंदीचा कायदा आणि राखीव जागा यांचा त्यांनी पुढे अनेक वर्षे अभ्यास केला, आणि त्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९८४ साली निघाला. लेखात ते म्हणतात, कोर्टाची पायरी चढणारे दोन प्रकारचे असतात. एक जन्मात एकदाच येणारा, आणि दुसरा वारंवार येणारा. एकदाच येणाऱ्याचे सर्वस्व त्या एका खटल्यात असते. वारंवार येणाऱ्याला हा एक खटला हरला तरी चालते. त्याचे लक्ष पुढच्या शंभर खटल्यांना लागू पडणाऱ्या नियमावर असते. म्हणून जेथे निकाल विरुद्ध जाण्याचा संभव तेथे तो तडजोड करतो, आणि जेथे अनुकूल नियम पदरात पडेल तेथे शेवटपर्यंत लढतो.

एका हाताला शब्दकोश घेऊन मी तो लेख तीन आठवडे वाचत होतो. या ठिकाणी आलो आणि पुस्तक मिटून बसलो. माझे ते दोन कामगार डोळ्यांपुढे उभे राहिले. पुढे गॅलंटर उपायही सांगतात. एकदाच येणाऱ्यांनी संघटित व्हावे, म्हणजे त्यांची संघटना वारंवार येणारी होते. युनियन कशासाठी, हे मी गेटसभेत हजार वेळा सांगितले असेल. पण इतके नेमके मला कधी सांगता आले नव्हते.

आता या लेखाची जन्मकथा ऐका. कायद्याच्या अनेक पत्रिकांनी तो नाकारला होता. पुढे गॅलंटर स्वतः या पत्रिकेचे संपादक झाले, तेव्हा तो तेथे छापून आला. आज कायदेविषयक लेखांपैकी सर्वाधिक दाखले ज्यांचे दिले गेले, त्यांत त्याची गणना होते. पारखी लोकांच्या नजरेतून जे सुटले ते मोजणीने दाखवून दिले, हा मोजणीचा गुण आहे. मी मोजणीचा शत्रू नाही. कारखान्यात मोजणी नसेल तर मुकादमाची मर्जी चालते, आणि ती त्याहून वाईट.

परंतु ही दाखल्यांची मोजणी आली कोठून? तिचे मूळ वकिलाच्या कचेरीत आहे. १८७३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने एक उद्योग काढला. एखाद्या निकालाचा दाखला पुढे कोणकोणत्या निकालांत दिला गेला, याच्या डिंक लावलेल्या चिठ्ठ्या तो छापी, आणि वकील त्या आपल्या पुस्तकांच्या समासात चिकटवीत. हेतू एकच, की हा निकाल अजून जिवंत आहे की पुढच्या कोर्टाने उलटवला, हे कळावे. किती जणांनी दाखला दिला याला तेथे महत्त्व नव्हते. काय म्हणून दिला याला होते. त्यावरून स्फूर्ती घेऊन यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली शास्त्रीय लेखांसाठी तशीच सूची करण्याची कल्पना मांडली. १९६४ पासून विज्ञानाची, आणि १९७३ पासून समाजशास्त्रांची सूची निघू लागली. म्हणजे ही रीत कायद्यातून विज्ञानात गेली आणि आकडा होऊन कायद्याच्या अभ्यासाकडे परत आली. मात्र येताना 'काय म्हणून' हा प्रश्न वाटेत गळून पडला.

तो आकडा असा काढतात. समजा, एखाद्या पत्रिकेने गेल्या दोन वर्षांत पन्नास लेख छापले, आणि त्या पन्नास लेखांचे यंदा शंभर दाखले दिले गेले. शंभरास पन्नासाने भागले की दोन. हा त्या पत्रिकेचा यंदाचा प्रभावांक. हिशेब सरळ आहे, पण त्यातली मेख पाहा. गॅलंटरांचा लेख १९७४ चा. या हिशेबात त्याचे दाखले धरले जाणार फक्त १९७५ आणि १९७६ या दोन सालांत. त्यानंतर पन्नास वर्षे जग त्याचा दाखला देत राहिले, तरी पत्रिकेच्या प्रभावांकात त्याची भर शून्य! प्रयोगशाळेतले संशोधन दोन वर्षांत जुने होत असेल. न्यायालयातला माणूस दोन वर्षांत जुना होत नाही. आमच्या कित्येक प्रकरणांत पहिली साक्ष व्हायलाच त्याहून अधिक काळ लागला.

दुसरी मेख भाषेची आणि जागेची. सूचीत घेतलेल्या पत्रिकेने दाखला दिला तरच तो धरायचा. न्यायाधीशाने निकालात दिला, युनियनने पत्रकात दिला, मराठी मासिकाने दिला, तर तो जमेस नाही. याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राचेच आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. १९७९ च्या सप्टेंबरात कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार हे दिल्लीचे. वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर हे पुण्याचे. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणजे तिची संमती होती, असे कसे धरता, हा त्यांचा सवाल होता. त्या पत्राने देशभरच्या स्त्रियांच्या संघटना उठल्या, मोर्चे निघाले, आणि १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन कोठडीतल्या बलात्काराविषयी स्वतंत्र तरतूद आली. कायदा आणि समाज यांच्या अभ्यासाचा याहून मोठा प्रभाव कोणता दाखवाल? आणि तो कोणत्या प्रभावांकात बसवाल?

या संशोधनाची दिशा कशी बदलत गेली, तेही थोडक्यात सांगतो. १९८० च्या सुमारास अभ्यासकांचे लक्ष कोर्टाकडून तंट्याच्या उगमाकडे वळले. त्याच पत्रिकेच्या १९८०-८१ च्या अंकातल्या एका लेखाने तीन पायऱ्या सांगितल्या. इजेला आधी इजा म्हणून ओळखायचे, मग ती कोणामुळे झाली हे ठरवायचे, आणि मग मागणी करायची. कापसाच्या धुळीने खोकणारा कामगार 'हवा मानवत नाही' म्हणतो तोवर त्याची पहिली पायरीच चढून झालेली नसते. पुढे साध्या माणसाच्या मनात कायदा कोणत्या रूपाने वावरतो याचा अभ्यास झाला, आणि हळूहळू अमेरिकेबाहेरचे देशही या पानांवर येऊ लागले. ही दिशा मला शुभ वाटते. पण त्या देशांतल्या माणसांना ती पाने वाचायला मिळतात का, हे कोणी मोजीत नाही.

आता आपल्या प्राध्यापकांविषयी. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. छापील लेखाला इतके गुण. आम्ही गिरणगावात वाढलेली माणसे याला नगावर मजुरी म्हणतो. नगावर मजुरी लावली की नग वाढतात, आणि पहिली गोष्ट जी घसरते ती मालाची प्रत. तसेच झाले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिका जागोजागी निघाल्या. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ पत्रिका काढाव्या लागल्या. मग पुणे विद्यापीठात केंद्र ठेवून नवी यादी केली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून पारख पुन्हा महाविद्यालयांवर सोपवली. माझ्या ओळखीच्या एका तरुण शिक्षिकेने, तासाच्या मानधनावर राबणाऱ्या, एक लेख छापण्यासाठी दोन महिन्यांची कमाई भरली. मजुराने मालकाला नगामागे पैसे द्यायचे, ही तऱ्हा मी कोणत्याही कारखान्यात पाहिली नाही!

तेव्हा मागणी काय करावी? मोजणी बंद करा, असे मी म्हणणार नाही. कामगार चळवळीने काममापनावर बहिष्कार घालून पाहिला आहे. त्याने साधत नाही. आम्ही शेवटी मागणी केली ती ही, की घड्याळ धरणाऱ्याने यंत्रही पाहावे, कापूसही पाहावा, आणि त्या कामाची समज असलेला आमचा माणूस शेजारी उभा असावा. संशोधनालाही हेच लागू आहे. आकडा घ्या, पण लेख वाचा. दाखला किती जणांनी दिला हे विचारा, आणि काय म्हणून दिला हेही विचारा. २०१५ साली निघालेल्या लायडन जाहीरनाम्यात अनेक देशांच्या तज्ज्ञांनी जवळपास हेच सांगितले आहे, आणि स्थानिक महत्त्वाचे संशोधन आकड्यांच्या मागे लागून मरू देऊ नका असेही बजावले आहे.

आणि एक मागणी आपणा श्रोत्यांकडे, माझ्या युनियनच्या भावांकडेही. गॅलंटरांचा लेख वाचल्यावर मी कचेरीत एक वही घातली. आमच्या प्रत्येक प्रकरणाचा निकाल, तडजोड असेल तर तिची अट, आणि तो कागद पुढे कोणी कोठे वापरला, हे तीत लिहितो. आज अशा चार वह्या आहेत. गेल्या काही वर्षांत, भक्कम बाजूच्या कामगाराला व्यवस्थापनाने तडजोडीला बोलावले, की आम्ही आधी वही उघडतो. पैसे घ्यायचे की निकाल घ्यायचा, हे त्या कामगाराबरोबर बसून बोलतो. दोनदा कामगारांनी पैसे नाकारून निकाल घेतला. त्यांतला एक निकाल आता आमचे वकील पुढे करतात. तो कोणत्याही सूचीत नाही. पण त्याच्या जोरावर नऊ माणसे कामावर परत गेली आहेत, आणि त्या नऊ जणांची नावे माझ्या वहीत आहेत.

प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे, की एखाद्या सुट्टीच्या दिवशी या वह्या पाहायला या. त्यांवर लेख लिहिलात तर आनंद आहे. त्याचा दाखला कोणी दिला नाही तरी चालेल. फक्त लिहून झाल्यावर तो मराठीत आमच्या कचेरीत वाचून दाखवा.